रक्षकांची चुकलेली ओळख : हिरडीचा जुना आजार आणि संधिवात

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षानिमित्त योजलेल्या पालक-शिक्षक व्याख्यानमालेत मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत बडोद्यातील मराठी रंगभूमीवर, संतवाङ्मयावर आणि महाराजा सयाजीरावांच्या शिक्षणकार्यावर उत्तम व्याख्याने झाली. आज मुख्याध्यापिका हिरड्यांवर बोलणार, हे फलकावर वाचून काहीजणांच्या चेहऱ्यावर हसू उमटले, ते मी पाहिले. मी वैद्य नाही. मराठी हा माझा विषय. परंतु गेल्या दोन वर्षांत या विषयाचे जे वाचन घडले आणि जाणकार डॉक्टरांकडून जे समजून घेता आले, ते आपल्या भाषेत आपल्या माणसांपुढे मांडावे, असे वाटले. आपल्या पालकसभेला येणाऱ्या कितीतरी माता बोटे दुखतात म्हणून सहीसाठी पेन नीट धरू शकत नाहीत आणि त्याच माता दात हलू लागल्याची तक्रार घरात कोणाकडेही करीत नाहीत. या दोन दुखण्यांचा एकमेकांशी संबंध असू शकतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

प्रथम हिरडीकडे वळू. आपल्या तोंडात शेकडो जातींचे जीवाणू सुखाने नांदतात. हे प्रथम पाहिले ते हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या अँटनी व्हान लेव्हेनहूक या कापडव्यापाऱ्याने. स्वतः घासलेल्या भिंगाखाली त्याने स्वतःच्याच दातांवरचा पांढरा मळ ठेवला आणि त्यात वळवळणारे जीव दिसले, ते १६८३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळविले. हा मळ रोज निघून गेला तर काही बिघडत नाही. तो राहिला, की लाळेतील क्षार त्यावर बसतात आणि त्याचे दगडासारखे कीटण होते. कीटणाच्या खरखरीत पृष्ठावर आणखी मळ साचतो, हिरडी लाल होते, सुजते, ब्रश लागताच रक्त येते. येथपर्यंतचा आजार पूर्णपणे बरा होणारा आहे. पुढची पायरी मात्र वेगळी. दात आणि हिरडी यांच्यामधील बारीक फट खोल होत जाते, तेथे प्राणवायूवाचून जगणारे जीवाणू घर करतात आणि दाताला धरून ठेवणारे तंतू व हाड झिजू लागते. झिजलेले हाड आपोआप परत येत नाही. यालाच आपण लोकभाषेत पायोरिया म्हणतो; शास्त्रीय मराठीत परिदंतशोथ.

आपल्या पूर्वसूरींना हा आजार ठाऊक होता. सुश्रुतसंहितेत दातांच्या मुळाशी होणाऱ्या रोगांत शीताद, दंतवेष्ट, उपकुश अशी नावे येतात आणि हिरडीतून रक्त व पू येणे, दात हलू लागणे ही लक्षणेही तेथे नोंदलेली आहेत. या आजाराचा खरा कावा असा, की तो बहुधा दुखत नाही. दात किडला तर माणूस रात्रभर तळमळतो आणि सकाळी डॉक्टरकडे धावतो. हिरडी मात्र वर्षानुवर्षे मुकाट्याने खचत राहते.

आता दुसऱ्या पात्राची ओळख करून घेऊ. शरीरात बाहेरचा शत्रू शिरला, की रक्तातील विशिष्ट पेशी त्याच्याविरुद्ध प्रथिने तयार करतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. बर्लिनमध्ये एमिल फॉन बेहरिंग आणि शिबासाबुरो किटासाटो यांनी १८९० मध्ये दाखवून दिले, की धनुर्वात व घटसर्प यांच्या विषाला निष्प्रभ करणारे काहीतरी प्राण्याच्या रक्तरसात तयार होते आणि ते दुसऱ्या प्राण्याला देता येते. येथून प्रतिपिंडांचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू झाला. प्रत्येक प्रतिपिंड एका ठराविक आकाराला चिकटते, कुलपाला किल्ली बसावी तसे. शत्रूवर एकदा ही खूण चिकटली, की इतर पेशी येऊन त्याचा फडशा पाडतात.

परंतु हे शस्त्र स्वतःवरच चालले तर? पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाला विसाव्या शतकाच्या आरंभी असे वाटत होते, की शरीर स्वतःविरुद्ध विष तयार करणे कटाक्षाने टाळते. त्यासाठी त्याने एक भारदस्त लॅटिन संज्ञाही घडविली. तोच १९०४ मध्ये व्हिएन्नात डोनाट आणि लँडस्टायनर यांनी एका आजारात रुग्णाची प्रतिपिंडे त्याच्याच तांबड्या रक्तपेशी फोडतात, हे सिद्ध केले. हा तोच लँडस्टायनर, ज्याने रक्तगटांचा शोध लावला. तरीही एर्लिखच्या कल्पनेचा पगडा पुढे कित्येक दशके टिकून होता. मोठ्या माणसाचे मत पुराव्यापेक्षा जास्त काळ जगते, हे आपण साहित्यसमीक्षेतही पाहतो.

स्वतःविरुद्धच्या अशा प्रतिपिंडांमुळे होणाऱ्या आजारांत आपल्याकडे सर्वांत परिचित तो संधिवाताभ संधिशोथ. नाव जिभेला जड आहे, म्हणून मी येथे नुसता संधिवात म्हणेन. मात्र उतारवयात गुडघे झिजून होणारा तो हा नव्हे. हा बहुधा तिशी ते पन्नाशीत सुरू होतो, पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन-तीन पटींनी अधिक होतो. हातापायांचे लहान सांधे दोन्ही बाजूंना सारखे सुजतात आणि सकाळी उठल्यावर तासभर बोटे आखडलेली राहतात. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये घरोघर जाऊन सांधेदुखीची जी पाहणी सुरू झाली, तीत या आजाराचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले. अर्धा टक्का ऐकायला थोडा वाटतो. हजार प्रौढांच्या गावात पाच माणसे, आणि त्यांतल्या बहुतेक घरातला स्वयंपाक, धुणे आणि मुलांचे डबे सांभाळणाऱ्या, असे म्हटले म्हणजे तो तेवढा थोडा वाटत नाही.

या संधिवाताच्या शोधकथेत तोंडाचा प्रवेश गमतीदार रीतीने झाला. १९६४ मध्ये नीनहाउस आणि मांडेमा या दोन डच संशोधकांनी संधिवाताच्या रुग्णांचा रक्तरस माणसाच्या गालाच्या आतल्या बाजूने खरवडून घेतलेल्या पेशींवर टाकला. रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे त्या पेशींच्या केंद्रकाभोवतीच्या कणांना चिकटत होती. निरोगी माणसांची सहसा चिकटत नव्हती. सांध्यांचा आजार, आणि खूण पटते गालाच्या पेशींवर! ही प्रतिपिंडे नेमकी कशाला चिकटतात, याचा उलगडा व्हायला चौतीस वर्षे लागली. १९९८ मध्ये नेदरलँडमधील नायमेखन येथील शेलेकेन्स, फान फेनरोय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर प्रसिद्ध केले : ती सिट्रुलिन नावाच्या एका घटकाला चिकटतात.

येथे मला थोडे थांबावे लागेल, कारण पुढची सारी गोष्ट या एका घटकावर उभी आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. अक्षरांनी शब्द व्हावा तशी. या वर्णमालेत मूळची वीस अक्षरे आहेत. सिट्रुलिन त्या विसांत नाही. प्रथिन तयार होऊन गेल्यावर, त्यातील आर्जिनिन या अक्षरात एक विकर किंचित फेरफार करते आणि त्याचे सिट्रुलिन होते. फेरफार अगदी लहान. पण आर्जिनिनवर धन विद्युतभार असतो, सिट्रुलिनवर तो नसतो. एवढ्याने प्रथिनाची घडी उलगडते. आठवीच्या मुलांना मी नेहमी सांगते, की ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत केवळ वेलांटीचा फरक, पण एकाचा अर्थ दिवस आणि दुसऱ्याचा गरीब. पहारेकऱ्याने पाठ केलेला शब्द ‘दिन’ असेल आणि समोरून ‘दीन’ आला, तर तो त्याला अडवणारच. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींचे काहीसे असेच होते. कालपर्यंत घरचे असलेले प्रथिन त्यांना परके दिसू लागते.

सिट्रुलिन हे नाव कलिंगडावरून पडले. कलिंगडाचे शास्त्रीय नाव सिट्रुलस; त्याच्या रसातून हा पदार्थ जपानी संशोधकांनी १९१४ मध्ये प्रथम वेगळा केला. हे ऐकून उद्यापासून कोणी घरात कलिंगड बंद करू नये! फळातले मोकळे सिट्रुलिन आणि आपल्या प्रथिनाच्या माळेत घडलेला हा बदल या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय हा बदल मुळात रोग नव्हेच. आपली त्वचा चिवट होण्यासाठी, केस घडण्यासाठी शरीर हीच प्रक्रिया नित्य वापरते. जेथे दीर्घकाळ दाह चालू असतो तेथे ती बेसुमार होते, आणि ज्यांच्या जनुकांत विशिष्ट ठेवण असते त्यांची प्रतिकारव्यवस्था त्या बदललेल्या प्रथिनावर डोळा ठेवते. ही जनुकीय ठेवण कोणती, हे १९८७ मध्ये ग्रेगर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. दाह आणि जनुक या दोन्ही गोष्टी एकत्र याव्या लागतात, हे विसरू नये.

मग असा दीर्घ दाह शरीरात कोठे असतो? एक स्थान फुप्फुस. स्वीडनमधील क्लारेस्कोग यांच्या गटाने २००६ मध्ये दाखविले, की धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसांत सिट्रुलिनयुक्त प्रथिने आढळतात, आणि धूम्रपान व ती जनुकीय ठेवण एकत्र आली तर या प्रतिपिंडांसह होणाऱ्या संधिवाताचा धोका फार वाढतो. दुसरे स्थान आपल्या विषयाचे : हिरडी. खोल गेलेल्या पायोरियाच्या हिरडीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर तेथे प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींची गर्दी दिसते. एखाद्या अवयवाच्या एवढ्याशा पट्टीत प्रतिपिंडांचा कारखानाच अहोरात्र चालू असतो म्हणा ना. तेथे केवळ जीवाणूंविरुद्धचीच प्रतिपिंडे तयार होत नाहीत. दाताला धरून ठेवणाऱ्या कोलॅजेन या आपल्याच प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडेही पायोरियाच्या रुग्णांत सापडली आहेत. आणि अशा हिरड्यांत सिट्रुलिनयुक्त प्रथिनेही असतात, हे डच संशोधकांनी २०१२ मध्ये नोंदविले.

या कथेतला मुख्य संशयित आहे पॉर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिस नावाचा जीवाणू. खोल फटीत, प्राणवायूपासून दूर राहणारा. आर्जिनिनचे सिट्रुलिन करणारे विकर मनुष्याच्या पेशींत असतेच. १९९९ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले, की तशाच कामाचे स्वतःचे विकर या जीवाणूपाशीही आहे. ही क्षमता जीवाणूंच्या जगात अत्यंत विरळ. हा जीवाणू आधी आपल्या दुसऱ्या विकरांनी प्रथिनाची माळ आर्जिनिनपाशी तोडतो आणि मग त्या तुटलेल्या टोकावरच्या आर्जिनिनचे सिट्रुलिन करतो. घरात शिरलेल्या चोराने नुसती चोरी न करता घरातल्या माणसांचे कपडे बदलून टाकावेत, म्हणजे पोलीस त्यांनाच पकडतील, असा हा प्रकार. २००४ मध्ये रोझेनस्टीन आणि सहकाऱ्यांनी यावरून तर्क मांडला, की संधिवाताच्या प्रतिपिंडांचा उगम हिरडीत असावा.

दुसरा संशयित २०१६ मध्ये पुढे आला. त्याचे नाव अ‍ॅग्रिगेटिबॅक्टर अ‍ॅक्टिनोमायसेटेमकॉमिटान्स. (हे नाव एका दमात म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मी बक्षीस जाहीर करते.) अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कोनिग, आंद्राडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले, की हा जीवाणू एक विष सोडतो, ते पांढऱ्या पेशींच्या आवरणाला भोके पाडते, त्यांतून कॅल्शियम आत घुसते आणि पेशीचे स्वतःचे विकर पिसाळल्यासारखे सारी प्रथिने सिट्रुलिनयुक्त करीत सुटते. म्हणजे येथे जीवाणूला स्वतःचे विकर लागत नाही. आपलेच विकर तो आपल्यावर सोडतो.

पण हिरडीतली गोष्ट बोटांच्या सांध्यांपर्यंत पोहोचते कशी? याचे एक उत्तर २०२३ मध्ये आले. स्टॅनफर्डच्या ब्रूअर, रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी मोजक्या रुग्णांच्या बोटांतून दर आठवड्याला रक्ताचे थेंब घेऊन दीर्घकाळ तपासले. संधिवाताबरोबर हिरडीचा आजारही असलेल्यांच्या रक्तात तोंडातील जीवाणूंचे अंश वारंवार सापडले. आणि संधिवाताची ती कुप्रसिद्ध प्रतिपिंडे या जीवाणूंवरील सिट्रुलिनयुक्त प्रथिनांनाही चिकटत होती. फुटलेल्या हिरडीतून चावताना, दात घासताना जीवाणू रक्तात शिरतात, हे वैद्यकाला आधीपासून ठाऊक होते. ते वारंवार शिरत राहिल्याने रक्षकांना चुकीच्या शत्रूचा सराव होत राहतो, हे नवे.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नेदरलँडमध्ये संधिवात झालेल्या ७९ जणांनी पूर्वी निरोगी असताना रक्तदान केले होते. त्यांचे जुने साठविलेले नमुने २००४ मध्ये तपासले गेले. सुमारे चाळीस टक्के लोकांच्या रक्तात आजाराची कोणतीही खूण नसतानाच्या काळातही ही प्रतिपिंडे होती, काहींच्या बाबतीत तर दहा वर्षांहून आधी. सांधे दुखू लागण्याच्या कितीतरी आधी कोठेतरी गडबड सुरू झालेली असते, ती सांध्यांत नसते. ती हिरडीत असू शकेल, फुप्फुसात असू शकेल, आतड्यात असू शकेल.

आता सावधगिरीचे चार शब्द, कारण अर्धवट ऐकून घरी गेल्यास हे भाषण उपकारक ठरण्याऐवजी अपायकारक ठरेल. पायोरियामुळे संधिवात होतोच, असे शास्त्राने सिद्ध केलेले नाही. पायोरिया असलेल्या बहुसंख्य लोकांना संधिवात कधीच होत नाही. दोन्ही आजार एकत्र आढळतात याची साधी कारणेही आहेत : धूम्रपान दोहोंना पोसते, आणि ज्या बोटांना मूठ वळत नाही, त्या बोटांनी ब्रश तरी कसा धरावा? म्हणजे कधी हिरडी आधी, कधी सांधे आधी. संशोधकांतही पहिल्या संशयितावरून मतभेद आहेत. हिरडीचा उपचार केल्यास संधिवात टळतो, असे आश्वासन कोणताही प्रामाणिक डॉक्टर आज देणार नाही.

हे सांगण्याचे कारण घडलेले आहे. आपल्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी मला त्यांची हकीकत येथे सांगण्याची परवानगी दिली आहे. नाव मी घेत नाही. तीस वर्षे ज्यांच्या सुंदर अक्षरांनी आपले फळे सजले, त्यांच्या हातून शेवटच्या दोन वर्षांत खडू गळून पडू लागला. वय झाले, असे सारे म्हणत; त्या तेव्हा अवघ्या छप्पन्न वर्षांच्या होत्या. सकाळी वेणी घालता येईना, साडीच्या निऱ्या सुनेला काढून द्याव्या लागत. दात तर त्याआधीपासूनच हलत होते. कोठल्याशा दवाखान्यात त्यांना सल्ला मिळाला, की सगळे दात काढून टाका म्हणजे सांधे मोकळे होतील. त्यांनी अकरा दात काढून घेतले. सांधे मोकळे झाले नाहीत. पुढे संधिवाताच्या तज्ज्ञांनी प्रतिपिंडांची चाचणी केली, ती होकारार्थी आली आणि योग्य औषधे सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी बाईंनी मला स्वतःच्या हाताने पोस्टकार्ड लिहिले. ते माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

सगळे दात काढून टाकण्याचा हा सल्ला नवा नाही. १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील व्याख्यानात तोंडातील पूयुक्त संसर्गावर अनेक रोगांचा ठपका ठेवला आणि त्यानंतर अमेरिकेत व युरोपात संधिवातापासून थकव्यापर्यंत साऱ्यांसाठी निरोगी दात उपटण्याची जणू साथच आली. न्यू जर्सीतील ट्रेंटन येथील मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनी तर वेड बरे करण्यासाठी रुग्णांचे दात, आणि नंतर शरीरातील इतर अवयवही, काढण्याचा सपाटा लावला. त्यात कित्येक रुग्ण दगावले. कल्पनेत सत्याचा अंश होता, हे आज दिसते. पण अंशावरून संपूर्णाकडे उडी मारणाऱ्यांनी तिला इतके बदनाम केले, की पुढची पन्नास वर्षे तोंड आणि सांधे यांचा संबंध काढणे हेच हास्यास्पद ठरले. माझ्या मते त्या अतिरेकाची खरी किंमत नंतरच्या रुग्णांनी मोजली.

म्हणून सांगते, हिरडीचा उपचार हा हिरडीसाठीच करावयाचा. दात वाचावेत, अन्न नीट चावता यावे, तोंडाला दुर्गंधी येऊ नये, ही कारणे पुरेशी आहेत. मधुमेह असलेल्यांनी तर तो अवश्य करावा, कारण पायोरिया आणि मधुमेह एकमेकांना बिघडवतात, हे चांगले प्रस्थापित झालेले आहे. सांध्यांचा काही लाभ झालाच तर तो वरकड. आणि ज्यांना संधिवाताचे औषध चालू आहे, त्यांनी कीटण काढून घेतले म्हणून ते औषध स्वतःच्या मनाने थांबवू नये.

आता थोडे अवघड बोलते. बडोद्यात आपल्या मराठी घरांतून मिश्री गेली, असे आपण म्हणतो. ती गेलेली नाही. मोरीतल्या फळीवर काळसर भुकटीची डबी अजून असते. शेजारच्या गुजराती घरात तिच्या जागी बजर असते, एवढाच फरक. दोन्ही म्हणजे तंबाखूच. दात घासण्याच्या निमित्ताने सुरू होते आणि दिवसातून पाच-सहा वेळा हिरडीवर बोट फिरविल्यावाचून चैन पडत नाही. दंतमंजनात तंबाखू घालण्यास भारत सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली, पण घरी तव्यावर भाजलेल्या तंबाखूला कोणता कायदा अडवणार? या भुकटीने हिरडी दातापासून सुटत जाते, मुखकर्करोगाचा धोका तर आहेच. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक फसवणूक घडते : हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे रक्त कमी येते आणि आजार आत वाढत असूनही हिरडी ठीक असल्याचा भास होतो. आईने बोटाने मिश्री लावलेली पाहत मोठी झालेली मुलगी तीच डबी पुढे सासरी नेते, हे मी या शाळेच्या दोन पिढ्यांत पाहिले आहे. आजींना मी दोष देत नाही. त्यांच्या काळी दातदुखीवर घरात तोच एक उपाय होता.

आणि एक तक्रार भाषेची, ती मी करणारच. हे सारे ज्ञान मराठीत शोधू जाता फारच थोडे हाती लागते; जे लागते त्यात एकाच गोष्टीला कोठे प्रतिपिंड, कोठे प्रतिद्रव्य. ज्या बडोद्यात महाराजांच्या कारकिर्दीत राज्यकारभाराच्या शब्दांसाठी अनेक भारतीय भाषांतील पर्याय देणारा ‘सयाजी शासनशब्दकल्पतरु’ सिद्ध झाला, तेथल्या मराठी शाळेतील मुलीला स्वतःच्या आईचा आजार स्वतःच्या भाषेत समजावून सांगता येऊ नये, हे मला खटकते. दहावीच्या विद्यार्थिनींनी या वर्षी शरीरशास्त्रातील दोनशे शब्दांची सोपी मराठी-गुजराती सूची तयार करायला घेतली आहे. तिच्यात हिरडीपासून प्रतिपिंडापर्यंत सारे शब्द येतील.

आता नेमके काय पाहावे, तेवढे सांगते. ब्रशला रक्त लागत असेल, हिरडी खाली सरकून दात लांब दिसू लागले असतील, दातांमध्ये नव्या फटी पडल्या असतील, तर न दुखताही दंतवैद्यांकडे जावे. रक्त येते म्हणून त्या जागी ब्रश करणे सोडू नये. तेथेच अधिक हळुवारपणे आणि नीट घासावे. हातापायांचे लहान सांधे दोन्ही बाजूंना सुजत असतील, सकाळचा ताठरपणा अर्धा-पाऊण तासाहून अधिक टिकत असेल आणि हे दीड महिना चालू असेल, तर तेलमालीश करीत बसू नये. अँटी-सीसीपी ही रक्तचाचणी नायमेखनच्या त्याच शोधातून जन्माला आली आणि २०१० पासून आंतरराष्ट्रीय निकषांतही या प्रतिपिंडांना स्थान आहे. चाचणी होकारार्थी आली म्हणजे आजार झालाच, किंवा नकारार्थी आली म्हणजे तो नाहीच, असे मात्र नव्हे, निर्णय डॉक्टरांचा. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झाले तर सांध्यांची वाकडी वाढ पुष्कळदा रोखता येते. ज्यांची बोटे आखडतात त्यांनी ब्रशच्या दांड्याला जुन्या सायकलच्या हँडलची रबरी मूठ बसवावी किंवा कापडाची जाड गुंडाळी करावी. धरायला सोपे जाते. ही युक्ती आपल्या त्या बाईंचीच.

येत्या शनिवारी सकाळी नऊ ते एक या वेळात शाळेच्या ग्रंथालयात दोन दंतवैद्य विनामूल्य तपासणीसाठी बसणार आहेत. पाचवी ते दहावीची मुले वर्गवार येतील. मात्र या वेळी मी त्यांच्या आईंना आणि आज्यांनाही बोलाविले आहे. मिश्री किंवा बजर लावीत असाल तरी संकोच करू नका, तेथे कोणीही रागावणार नाही. नावे शिक्षककक्षातील वहीत नोंदवायची आहेत. वही आत्ता दाराशी ठेवली आहे, जाताना सही करून जावी. ज्यांना पेन धरणे जड जाते त्यांची नावे आमच्या नववीच्या मुली लिहून घेतील.